बीटचे सगेसोयरे आणि बीटची अळी : रांझीच्या परसबागेतून

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी हा परिसर कारखान्यांच्या शेजाराने वाढला. १९०४ मधील गन कॅरेज फॅक्टरी, १९६९ मधील वाहन निर्माणी आणि खमरियाची आयुध निर्माणी यांच्या कर्मचारी वसाहती रांझीच्या आसपास पसरल्या आहेत. या भागात मराठी बोलणारी घरेही आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाशी असलेली ये-जा जुनी आहे. क्वार्टरच्या मागे दोन-चार वाफ्यांची जागा, कुंपणाशी शेवगा किंवा कढीलिंब, आणि पाऊस ओसरला की मेथी, मुळा, पालक असा या परसबागांचा क्रम असतो. बीटला त्यात जागा मिळू लागली की एक तक्रारही बहुधा सोबत येते : उगवण चांगली झाली, रोपे चार पानांवर आली आणि आठवड्याभरात पानांची चाळणी झाली.

या तक्रारीवरचे नेहमीचे उत्तर म्हणजे दुकानातून आणलेली कीटकनाशकाची बाटली. प्रस्तुत लेखाचा विषय त्या बाटलीच्या आधीचा आहे : अळी आली कोठून? परसबागेतील बीटपुरते या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी वाफ्याच्या बाहेर, कुंपणाच्या कडेला उभ्या असलेल्या तणात सापडते.

एका घराण्याची गोष्ट

वनस्पतिशास्त्रात बीट पूर्वी चाकवताच्या कुळात गणले जाई. आता ते कुळ माठाच्या कुळात समाविष्ट झाले आहे. म्हणजे बीट, चाकवत, माठ, राजगिरा, काटेमाठ आणि आघाडा हे सारे भाऊबंद ठरतात. आपल्याकडे ‘पालक’ म्हणून जी भाजी सर्वत्र पेरली जाते, ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’सारखे वाण, ती तर बीटची सख्खी बहीण आहे. विलायती पालक निराळा. आपला देशी पालक बीटच्याच जातीचा, केवळ पानांसाठी निवडला गेलेला प्रकार आहे. पालकाचे रोप पूर्ण वाढल्यावर उपटून त्याच्या मुळाचा वास घेतला तर हे नाते नाकालाही कळते.

थोडे दूरचे नातेवाईक म्हणजे घोळ आणि विषखापरा (पांढरी घेटुळी). ही दोन्ही तणे वेगळ्या कुळांतील असली तरी गण एकच आहे. या गणाची एक खूण डोळ्यांना दिसणारी आहे. बीटचा लाल रंग, लाल माठाचा रंग, बोगनवेलीचा रंग आणि घोळीच्या देठावरील तांबूस झाक हे सर्व बेटालेन या रंगद्रव्यामुळे येतात. जांभूळ किंवा वांग्याच्या सालीचा रंग अँथोसायनिनचा. तो या झाडांत आढळत नाही. सपुष्प वनस्पतींमध्ये बेटालेन केवळ या एकाच गणात सापडते.

माणसाने हे नाते अलीकडे ओळखले. माठावर जाळे करणारी अळी (स्पोलॅडिया रिकर्व्हालिस) ते फार पूर्वीपासून जाणते. तिचा पतंग लहान, गडद तपकिरी, आणि पुढील व मागील पंखांवर ठळक पांढरा पट्टा असलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात परसातील तणांतून चालत गेले की पावलागणिक भुर्रकन उडून पुन्हा पानाआड बसणारे जे छोटे पतंग दिसतात, त्यांत हा बहुधा असतोच. मादी पानाच्या खालच्या बाजूस, शिरांच्या कडेने अंडी घालते. अळी हिरवी, काहीशी पारदर्शक असून पाठीवर दोन पांढऱ्या रेषा असतात. लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते व वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते. मोठी झाली की रेशमी धाग्यांनी पाने एकमेकांस बांधून आत राहते आणि शिरांखेरीज सर्व फस्त करते. पूर्ण वाढ झाल्यावर ती मातीत उतरून कोषात जाते. उबदार हवेत ही पिढी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. जूनअखेरीस पहिल्या पावसावर उगवलेल्या विषखापऱ्यावर आणि माठावर तिने बस्तान बसवले, तर सप्टेंबर संपेपर्यंत त्याच अंगणात तिच्या तीन पिढ्या झालेल्या असतात.

आता सप्टेंबरअखेरीस काय घडते ते पाहावे. गृहिणी अथवा माळी बीटची पेरणी करतात. रोपे दोन पानांवर येतात. आणि मग परिसर स्वच्छ करण्याच्या सद्हेतूने कुंपणाकडेचे तण एका रविवारी उपटून बाजूला टाकले जाते. त्या तणावरील अळ्यांचे अन्न दोन दिवसांत सुकते. शेजारी कोवळे बीट उभे असते. ‘रातोरात अळी आली’ असे जे वर्णन ऐकू येते, त्यामागे अनेकदा हे स्थलांतर असते.

तण काढण्याची वेळ

जबलपूर-नरसिंहपूर भागातील जुनी हवेली पद्धत विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहे. भारी काळ्या जमिनीच्या शेताला उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवायचे आणि पाऊस संपत आल्यावर ते सोडून देऊन रब्बीचा गहू किंवा हरभरा पेरायचा. या पद्धतीचा एक मोठा लाभ असा की साठलेल्या पाण्याखाली तण वाढत नाही आणि पेरणीसाठी शेत जवळजवळ स्वच्छ मिळते. परसबागेत पाणी साठवणे शक्य नाही. तेथे पावसाळाभर तणच उभे राहते. म्हणून हवेलीत जे काम पाणी करते ते येथे खुरप्याने करावे लागते, आणि तेही पेरणीच्या आधी.

वाफ्याची जागा व तिच्या सभोवतालची निदान दोन मीटरची पट्टी पेरणीपूर्वी तीन आठवडे तणमुक्त करावी. विषखापरा, काटेमाठ आणि घोळ बी धरण्याआधी उपटावीत व खतखड्ड्यात मातीखाली दाबावीत. बांधावर ढीग करून ठेवू नयेत. त्यानंतर वाफा एक वीत खोल खणून दोन-तीन दिवस उघडा ठेवावा. मातीतील कोष वर येतात आणि साळुंक्या ते वेचतात. परसबागेत हे काम पाहण्यासारखे असते. तीन आठवड्यांच्या या अवधीत उरलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडतात, पण अंडी घालण्याजोगे झाड त्यांना जवळपास मिळत नाही.

जबलपूर हे तणविज्ञानाचे गाव आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन निदेशालय येथेच असून १९८९ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून त्याची सुरुवात झाली. गाजरगवतावरील मेक्सिकन भुंग्याच्या प्रसाराचे काम या संस्थेने वर्षानुवर्षे केले. हा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये प्रथम बंगळूर येथे सोडण्यात आला होता. पिवळसर पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेषा असलेला हा भुंगा पावसाळ्यात रांझीच्या परसातील गाजरगवतावर दिसला तर त्याला बीटचा शत्रू समजून मारू नये. तो बीटला तोंड लावत नाही. एकाच कुंपणाकडेला एक कीटक आपले तण खात असतो आणि दुसरा आपल्या तणावर पोसून आपले बीट खाण्याच्या तयारीत असतो. दोघांवर एकच फवारा मारणे हा हिशेब तोट्याचा आहे.

एका तणाबाबत मात्र अपवाद करावा. चाकवत हिवाळ्यात बीटच्याच वाफ्यात उगवतो. जबलपूरकडे त्याला बथुआ म्हणतात. तो कोवळा असतानाच उपटून ताकातल्या भाजीसाठी घरात न्यावा. मोठा होऊ दिला तर मावा आणि अळी दोघांचेही घर होतो.

बी, वाफा आणि विरळणी

बीट म्हणून पुडीतून जे मिळते ते एकेक बी नसते. दोन ते पाच फुले एकत्र जुळून त्यांचे एक खडबडीत, बुचासारखे फळ होते आणि त्यात तितकीच बीजे असतात. त्यामुळे एका ठिकाणी एकच दाणा टाकला तरी रोपांचा झुबका उगवतो. साखरेच्या बीटमध्ये ही अडचण इतकी मोठी होती की एकबीजी झाडाचा शोध हे पैदासकारांचे स्वप्न बनले. १९४८ मध्ये व्ही. एफ. सावित्स्की यांना अमेरिकेतील ओरेगॉन येथे अशी मोजकी झाडे सापडली आणि त्यांतून आजचे एकबीजी वाण आले. परसबागेतील ‘डेट्रॉइट डार्क रेड’ किंवा ‘क्रिम्सन ग्लोब’ हे वाण मात्र जुन्या पद्धतीचे, बहुबीजी आहेत. म्हणून विरळणी टाळता येत नाही. ती टाळली की बीट बोटाएवढेच राहते, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

मैदानी प्रदेशात बीट सहसा बी धरत नाही. फुलोऱ्यासाठी त्याला दीर्घ थंडी लागते. त्यामुळे बी घरी राखण्याचा विचार सोडून दरवर्षी विश्वासू ठिकाणाहून ताजे बी घ्यावे.

तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असा एक गादीवाफा चार जणांच्या घराला पुरतो. जबलपूरच्या भारी काळ्या जमिनीत सपाट वाफा करू नये; पाणी धरले की रोपे कोलमडतात आणि ढेकळांत कंद वाकडा होतो. वसाहतींच्या अंगणात बांधकामाचा चुरा, मुरूम आणि विटांचे तुकडे भरलेले असणेही नवे नाही. ते एक वीत खोलीपर्यंत वेचून काढावेत. वाफ्यात तीन-चार घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत घातल्यास मुळास फाटे फुटतात आणि पाला माजतो. अशा रसरशीत पाल्यावर मावाही लवकर येतो.

या वाफ्यास सुमारे तीन ग्रॅम बी पुरेसे होते. हेक्टरी शिफारशीचा आकडा परसबागेत सांगणे निरुपयोगी आहे, ही बाब कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. फळाच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असल्यामुळे बी रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी ते पाणी टाकून द्यावे व बी धुऊन घ्यावे. ओळींत ३० सेंमी अंतर ठेवून दोन सेंमी खोलीवर बी टोकावे. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावी. सप्टेंबरात पेरण्याचा मोह आवरण्यामागे दोन कारणे आहेत : वर सांगितलेल्या अळीचा जोर थंडी पडू लागल्यावर ओसरतो, आणि कंदाला रंग व गोडी भरण्यासाठी १८ ते २१ अंश तापमान मानवते. एकाच दिवशी सर्व वाफा न पेरता तीन आठवड्यांच्या अंतराने ओळी पेराव्यात म्हणजे जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काढणी चालू राहते.

रोपे चार पानांवर आली की प्रत्येक झुबक्यातील सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत. उपटल्यास राहिलेल्या रोपाच्या मुळांनाही धक्का बसतो. दोन रोपांत ८ ते १० सेंमी अंतर राहील असे पाहावे. कापलेली रोपे टाकायची नसतात. ती डाळभाजीत जातात. येथूनच बीटचा एक महत्त्वाचा मुद्दा सुरू होतो.

पान हेही अन्न आहे

बीट खाल्ल्याने रक्त वाढते अशी समजूत रूढ आहे. तिच्यामागे लाल रंगाचा वाटा मोठा आहे. कंदात लोहाचे प्रमाण शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमहून कमीच असते. पानांत ते याच्या कितीतरी पट असते, आणि कंदात जवळजवळ नसलेले बीटा-कॅरोटिन पानांत भरपूर असते. पानांत ऑक्झॅलेट बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती बेताने खावीत. एरवी पीठ पेरून केलेली बीटच्या पाल्याची भाजी ही परसबागेची खरी कमाई आहे, कारण बाजारात येणाऱ्या बीटला ताजी पाने क्वचितच असतात. प्रत्येक झाडाची बाहेरची एक-दोन पाने आठवड्यातून एकदा तोडल्याने कंदाची वाढ फारशी खुंटत नाही.

पान खायचे ठरल्यावर कीटकनाशकाच्या बाटलीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात समोर येतो. प्रत्येक कीटकनाशकास फवारणी व काढणी यांदरम्यानचा प्रतीक्षा काळ ठरवून दिलेला असतो. ज्या वाफ्यातून दर चार दिवसांनी विरळणीची रोपे, पाने आणि शेवटी कंद घरात येतो, त्या वाफ्यात हा काळ पाळला जाणे कठीण असते. आंतरप्रवाही कीटकनाशक तर पानाच्या आत भिनते. ते धुऊन जात नाही. शिवाय बाटलीच्या लेबलावर ज्या पिकाचे नाव नाही, त्या पिकासाठी तिची मात्रा किंवा प्रतीक्षा काळ सांगण्यास कोणताही आधार नसतो. कार्यकर्त्याने अशा वेळी अंदाजे ‘पाच मिली पंपाला’ असे सांगू नये. मुलांच्या ताटात जाणाऱ्या पाल्यासाठी हे उत्तर नाही.

सुदैवाने चार चौरस मीटरच्या वाफ्यास त्याची गरजही पडत नाही. पेरणीनंतर पहिले पाच आठवडे एक दिवसाआड पाने उलटून पाहावीत. हे काम दहा मिनिटांचे आहे. जाळे केलेले पान अळीसह चिमटीत दाबावे. वाफ्याच्या एका टोकाला लाल माठाची पाच-सहा झाडे लावल्यास ती पहारेकऱ्याचे काम करतात. या अळीला माठ विशेष प्रिय असल्याने जाळे पहिल्यांदा तेथे दिसण्याची शक्यता अधिक. मात्र ती झाडे पाहिली गेली नाहीत तर पहारेकरीच चोराला आसरा देतो. अळ्या लहान पण संख्येने जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक लेबलावरील मात्रेनुसार सायंकाळी फवारावे. उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो आणि मोठ्या अळ्यांवर तो कमी पडतो. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, हाही चांगला उपाय आहे. फवारलेली पाने तीन-चार दिवस तोडू नयेत, नाहीतर भाजी कडवट लागते.

अळीखेरीज इतर

सकाळी रोप जमिनीलगत कापून आडवे पडलेले दिसले तर ते रोप कुरतडणाऱ्या अळीचे काम असते. ती काळपट, गुळगुळीत अळी दिवसा त्याच रोपाच्या बुडाशी दोन-तीन सेंमी खोल मातीत वेटोळे करून पडलेली असते. बोटाने माती उकरली की सापडते. ज्याला हे ठाऊक नसते तो उंदराला बोल लावतो.

पानावर पांढऱ्या, नागमोडी रेषा नागअळीमुळे पडतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतात नोंदली गेलेली ही परदेशी माशी आता सर्वत्र रुळली आहे. तिच्या अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि फवारणीत आधी त्याच मरतात. रेषा पडलेली खालची पाने तोडून जाळणे एवढेच पुरे.

डिसेंबर-जानेवारीत मावा दिसतो. शेजारच्या मोहरीवरील मावा बीटवर चढला असा समज ऐकू येतो, परंतु मोहरीचा मावा मोहरीच्याच कुळात राहतो. उलट मोहरीच्या चार झाडांवर मावा असणे बीटच्या हिताचे असते. त्यावर लेडीबर्ड भुंगेरे व सिरफिड माशीच्या अळ्या पोसल्या जातात आणि बीटवर मावा आला की त्या तेथेही पोहोचतात. माव्याची वसाहत असलेली एखाद-दुसरी पाने तोडून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बाकीचे झाड धुवावे.

काही खुणा किडीच्या वाटतात, पण नसतात. पानावर गोल, मध्ये राखाडी आणि कडेस लालसर जांभळे ठिपके पडून पुढे त्यांना भोके पडली तर तो सर्कोस्पोरा बुरशीचा पानठिपका आहे. पालकावरही हाच रोग येतो, म्हणून पालकाच्या जुन्या वाफ्यात बीट घेऊ नये. झारीने पानांवर पाणी ओतण्याऐवजी सरीतून द्यावे. दुसरी खूण म्हणजे मधली कोवळी पाने काळी पडून वाळणे व कंदाच्या आत काळे डाग सापडणे. यात ना अळी असते ना बुरशी; ही बोरॉनची कमतरता होय. साखरेच्या बीटवरील हा विकार बोरॉनशी निगडित असल्याचे १९३१ मध्ये ब्रँडेनबुर्ग यांनी दाखवले. चुनखडीयुक्त जमिनीत तो अधिक दिसतो. लक्षण खात्रीचे असेल तरच चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून मातीत द्यावे. चिमूटभर जास्त घालण्याची सवय येथे घातक ठरते, कारण पुरेशी आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे आहे.

पेरणीपासून ६५ ते ८० दिवसांत कंद पाच-सहा सेंमी जाड होतो. तेव्हाच काढावा, लिंबापेक्षा मोठा आणि क्रिकेटच्या चेंडूपेक्षा लहान हे माप बरे. मार्चपर्यंत जमिनीत राहू दिल्यास कंद चिवट होतो आणि उष्णतेने त्यातील वलये पांढरी पडतात. पाला कापण्याऐवजी पिळून तोडावा, दोन-तीन सेंमी देठ आणि शेपटी ठेवावी, म्हणजे उकडताना रंग पाण्यात उतरत नाही आणि कोशिंबिरीत दह्याला हवा तसा गडद रंग चढतो. असा एक वाफा साधारणतः आठ ते दहा किलो कंद देतो.

शेवटची ओळ निघाल्यावर उरलेले देठ, रोगट पाने आणि पहाऱ्यावरचा माठ खतखड्ड्यात दाबावा व वाफा खणून उन्हात तापू द्यावा. उन्हाळ्यात त्या जागी भेंडी, चवळी किंवा दोडका घ्यावा. पुढल्या हिवाळ्यात बीटसाठी परसाचा दुसरा कोपरा निवडावा, आणि त्या कोपऱ्याभोवतीचा विषखापरा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच काढावा.